ब्रँच काढाल त्याच दिवशी ती बंद करायची तारीख लिहा

समजा, दाभोळच्या एखाद्या मच्छीमार सहकारी सोसायटीसाठी कुणी हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहिलं. सभासदांच्या होड्या, डिझेलचा कोटा, परताव्याचे अर्ज, बर्फाची उधारी, लिलावाची वसुली असं सगळं त्यात आहे. सोर्स कोड खुला ठेवला, म्हणून हर्णै, जयगड, गुहागरकडच्या सोसायट्यांनीही ते उतरवून घेतलं आणि कॉलेजात शिकणाऱ्या दोनचार जणांनी पॅच पाठवायला सुरुवात केली. इथवर सगळं सुरळीत. पेच पडतो तो दुसऱ्या वर्षी. मुख्य ब्रँचवर लिलावाचा नवा भाग अर्धा लिहून झालेला असतो, त्यासाठी डेटाबेसची मांडणीही बदललेली असते, आणि नेमका तेव्हाच हर्णैहून निरोप येतो की परताव्याच्या बेरजेत पैसे चुकतात. दुरुस्ती पाच ओळींची आहे. पण मुख्य ब्रँचवरून नवी आवृत्ती काढली, तर त्या पाच ओळींबरोबर अर्धवट लिलावही सोसायटीच्या संगणकावर जाऊन बसणार. नाही काढली, तर चुकीचे अर्ज तसेच पुढे जात राहणार. या कोंडीतून वाट काढायला रिलीज ब्रँच असते. आवृत्ती प्रसिद्ध होते त्या ठिकाणापासून एक वेगळी रेघ काढायची आणि तिच्यावर फक्त दुरुस्त्या करायच्या. गिटमध्ये हे काम एका ओळीच्या आज्ञेत होतं, आणि घोळाचं मूळही या सोपेपणातच आहे. काढायला काहीच लागत नाही, म्हणून ब्रँचा काढल्या जातात. सांभाळायला माणूस लागतो, हे वर्षभराने कळतं. या लेखात मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे: ब्रँचा किती ठेवायच्या आणि किती दिवस, याचं उत्तर आपल्या वापरकर्त्यांच्या कामाच्या हंगामात आणि आपल्याकडच्या हातांच्या संख्येत शोधावं, आणि ब्रँच उघडताना ती कधी बंद होणार हे जाहीर करावं.

आधी एक सोपी गोष्ट बाजूला काढू. तुमचं सॉफ्टवेअर एकाच सर्व्हरवर चालत असेल आणि सगळे लोक ब्राउझरमधून तेच वापरत असतील, तर रिलीज ब्रँच काढूच नका. तिथे सगळ्यांकडे एकच आवृत्ती असते, ती तुमच्या हातात असते, आणि चूक सापडली की दुरुस्ती करून तासाभरात सगळ्यांना देता येते. अर्धवट काम लपवायला एखादा चालू-बंद करायचा स्विच कोडमध्येच ठेवला की पुरतं. ज्यांनी तुमचं सॉफ्टवेअर स्वतःच्या यंत्रावर उतरवून घेतलं आहे आणि ते कधी बदलायचं हे जे स्वतः ठरवतात, त्यांच्यासाठी रिलीज ब्रँच असते. असे वापरकर्ते नसताना काढलेली ब्रँच म्हणजे हौस.

ब्रँचेचा खर्च नेमका कुठे होतो ते पाहू. जिवंत ब्रँचा तीन असतील, तर एक दुरुस्ती तीनदा लावायची, तिन्ही ठिकाणी चाचण्या चालवायच्या, तीन पॅकेजं बांधायची, तीन ठिकाणी बदलांची नोंद लिहायची. हा गुणाकार उघड दिसतो. न दिसणारा खर्च वेगळा आहे. दीड वर्षापूर्वीच्या ब्रँचेवरचा कोड आजच्या कोडसारखा राहिलेला नसतो, त्यामुळे तीच पाच ओळींची दुरुस्ती तिथे नव्याने समजून घेऊन लिहावी लागते. ज्या लायब्रऱ्यांवर ती आवृत्ती उभी होती, त्यांचीही जुनी रूपं जपावी लागतात. पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस एका वेळी पाच मोठ्या आवृत्त्या जिवंत ठेवतो. दर वर्षी एक नवी मोठी आवृत्ती निघते, प्रत्येकीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात, आणि फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर या महिन्यांच्या दुसऱ्या गुरुवारी सगळ्या ब्रँचांवरून एकाच दिवशी लहान आवृत्त्या बाहेर पडतात. हे वेळापत्रक हेवा वाटावा असं आहे. पण त्यामागे जगभरचे अनुभवी कमिटर आहेत, त्यांतल्या अनेकांना याच कामाचा पगार मिळतो, आणि वेगवेगळ्या यंत्रांवर रात्रंदिवस चाचण्या चालवणारा संगणकांचा ताफा आहे. नोकरी सांभाळून रविवारी काम करणाऱ्या दोघांनी ‘आम्हीही पाच वर्षं आधार देऊ’ असं लिहिणं हा भाबडेपणा आहे, आणि त्याची किंमत त्या वाक्यावर विसंबलेली सोसायटी मोजते.

जवळचं उदाहरण हवं असेल, तर मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट पाहावं. हिशेब, साठा असं सगळं सांभाळणारं हे खुलं सॉफ्टवेअर अनेक देशांतल्या धंद्यांमध्ये चालतं. त्याचं नवं काम ‘डेव्हलप’ नावाच्या ब्रँचेवर होतं. प्रत्येक मोठ्या आवृत्तीला ‘व्हर्जन-१४’, ‘व्हर्जन-१५’ अशी स्वतःची ब्रँच आहे आणि तिच्या जोडीला त्याच नावाला ‘हॉटफिक्स’ लावलेली दुसरी ब्रँच आहे. दुरुस्ती आधी डेव्हलपवर जाते. ती जुन्या आवृत्तीलाही हवी असेल, तर तिला तसं लेबल लावतात. मग एक बॉट तोच बदल हॉटफिक्स ब्रँचेकडे नेणारी पुल रिक्वेस्ट आपणहून उघडतो. हॉटफिक्सवर जमलेल्या दुरुस्त्या ठरावीक दिवसांनी आवृत्तीच्या ब्रँचेत जातात आणि नवा क्रमांक घेऊन बाहेर पडतात. यातली लेबल आणि बॉटची रीत लहान प्रकल्पाने पहिल्याच वर्षी उचलावी. ‘ही दुरुस्ती जुन्या आवृत्तीत गेली का’ हा प्रश्न आठवणीवर सोडला की ती हमखास राहून जाते. पण दर आवृत्तीमागे दोन ब्रँचा हा थाट लहान प्रकल्पाने करू नये. तिथे हॉटफिक्स ब्रँच ही गाळणी आहे: रोजचे बदल थेट लोकांपर्यंत पोचू नयेत म्हणून. तुमचे वापरकर्ते ब्रँचेवरून थेट कोड उचलत नसतील आणि टॅग लावलेली आवृत्तीच बसवत असतील, तर ती गाळणी टॅगमुळे आपोआप मिळते. एक आवृत्ती, एक ब्रँच, तिच्यावर क्रमाने टॅग, एवढं पुरे.

आता वेळापत्रकाकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे. बहुतेक प्रकल्प आवृत्तीची तारीख लिहिणाऱ्यांच्या सोयीने ठरवतात: काम झालं की रिलीज. दाभोळच्या आपल्या काल्पनिक सोसायटीला हे चालणार नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. १ ऑगस्टला बंदी उठली की वाशिष्ठीच्या मुखातून होड्या बाहेर पडतात, आणि तिथून सोसायटीच्या खिडकीवर डिझेलच्या पावत्यांची रीघ लागते. ऑक्टोबरात नवी आवृत्ती घेऊन गेलात, तर कारकून ती घेणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. मार्चअखेरीला हिशेब बंद करायचे असतात, तेव्हाही नाही. त्याला मोकळीक मिळते ती जून-जुलैत, होड्या शाकारून किनाऱ्यावर ओढलेल्या असतात तेव्हा. म्हणून मोठी आवृत्ती १ जूनला तयार हवी. ती बसवायला, शिकायला आणि शिव्या घालायला दोन महिने मिळतात. मागच्या वर्षीची ब्रँच ३० सप्टेंबरला बंद करावी. ज्याने ३१ जुलैला घाईघाईत बदल केला, त्याला हंगाम सुरू झाल्यावर अडचण आलीच तर परत फिरायला दोन महिने उरतात. या हिशेबाने प्रत्येक ब्रँच सोळा महिने जगते. वर्षातले आठ महिने तुमच्याकडे एकच जिवंत ब्रँच असते आणि चार महिने दोन. दोघांना हे झेपतं. तुमचं सॉफ्टवेअर शाळांसाठी असेल तर हंगाम निराळा येईल, साखर कारखान्यासाठी असेल तर आणखी निराळा. पद्धत मात्र हीच: वापरणाऱ्याला बदल करायला उसंत कधी मिळते ते आधी शोधायचं आणि तिथून मागे मोजत यायचं.

मागे मोजताना ब्रँच काढायची तारीख मोह होईल त्यापेक्षा उशिरा धरावी. मोह असा असतो, की नवं काम थांबू नये म्हणून एप्रिलच्या सुरुवातीलाच ब्रँच काढावी, मग मुख्य ब्रँच सगळ्यांना मोकळी. कागदावर हे ठीक दिसतं. प्रत्यक्षात सगळे मोकळ्या मैदानाकडे धावतात आणि येऊ घातलेल्या आवृत्तीतल्या चुका निपटायला कुणी उरत नाही. शिवाय प्रत्येक दुरुस्ती पहिल्या दिवसापासून दोन ठिकाणी करावी लागते. पोस्टग्रेसक्यूएलची रीत उलटी आहे. साधारण ८ एप्रिलच्या सुमारास नवी वैशिष्ट्यं घेणं बंद होतं, मे महिन्यात पहिली बीटा निघते, आणि ब्रँच काढली जाते ती जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला. मधल्या अडीच महिन्यांत मुख्य ब्रँचेवर नवं काही घेतलं जात नाही, म्हणून ज्याला काम करायचं आहे त्याला चुका शोधण्याखेरीज पर्याय नसतो. आपल्या सोसायटीच्या सॉफ्टवेअरला याची लहान प्रत पुरेल: १५ एप्रिलला नवं घेणं बंद, १५ मेला ब्रँच, मधला महिना फक्त दुरुस्त्या आणि एखाद्या तयार सोसायटीच्या जुन्या डेटाच्या प्रतीवर चाचणी.

तारीख ठरली की तिला चिकटून राहणं अवघड असतं, कारण नेहमी एखादं काम ‘झालंच आहे, आठवडा द्या’ अशा अवस्थेत असतं. इथे पोस्टग्रेसक्यूएलच्या १५ व्या आवृत्तीचा दाखला मोलाचा आहे. एसक्यूएलच्या मानकातली जेसनविषयक वैशिष्ट्यं त्या आवृत्तीत घेतली गेली होती, बीटांमधून लोकांपर्यंत पोचलीही होती. मग त्यांच्या आतल्या रचनेतल्या काही गोष्टी धड नाहीत हे लक्षात आलं आणि सप्टेंबर २०२२ च्या सुरुवातीला ती सगळी काढून टाकण्यात आली. आवृत्ती १३ ऑक्टोबरला निघाली. काढलेल्या कामाचा काही भाग पुढच्या वर्षीच्या १६ मध्ये परत आला आणि उरलेल्यातला मोठा भाग २०२४ च्या १७ मध्ये. ज्यांनी ते लिहिलं त्यांना वाईट वाटलं असणारच. पण दर वर्षी गाडी सुटते हे माहीत असल्यामुळे काम मेलं नाही, पुढच्या गाडीला लागलं. ज्या प्रकल्पात पुढची आवृत्ती कधी येईल हे कुणालाच ठाऊक नसतं, तिथे प्रत्येकजण याच आवृत्तीत घुसायला बघतो, आणि मग कच्चं काम ब्रँचेवर येतं. तारखेचा खरा उपयोग हा: ‘आता नाही’ असं म्हणणं तिच्यामुळे सोपं होतं.

ब्रँच निघाली. तिच्यावर काय येऊ द्यायचं? नियम एका ओळीत लिहिता येतो: चुकीचं उत्तर, हरवणारा डेटा, बंद पडणारा प्रोग्रॅम आणि सुरक्षेची भगदाडं, एवढ्यांच्याच दुरुस्त्या. नियम सोपा, पाळणं अवघड, कारण मागणी कायम ‘एवढंसंच आहे हो’ या सुरात येते. एखादं बटण मोठं करा, अहवालात एक रकाना वाढवा. लहान बदल निरुपद्रवी असतो ही समजूत मुरलेल्या लोकांनाही दगा देते. १४ नोव्हेंबर २०२४ ला पोस्टग्रेसक्यूएलच्या सर्व जिवंत ब्रँचांवर नेहमीच्या लहान आवृत्त्या निघाल्या. त्यांतल्या एका दुरुस्तीसाठी आतल्या एका रचनेत नवं घर वाढवलं होतं. मूळ डेटाबेसला त्याचा काहीच त्रास नव्हता. पण त्या रचनेचा आकार गृहीत धरून आधी बांधलेली काही एक्स्टेन्शनं कोसळण्याची भीती निर्माण झाली, शिवाय परवानग्यांशी संबंधित एक नवी चूकही शिरली होती. बरोबर आठवड्याने, २१ नोव्हेंबरला, वेळापत्रकाबाहेर पुन्हा आवृत्त्या काढाव्या लागल्या. १२ व्या आवृत्तीची मुदत संपली होती, तरी तिलाही एक जादा आवृत्ती द्यावी लागली. इतकी शिस्त, इतक्या नजरा, आणि तीही आवश्यक असलेली दुरुस्ती. तरीही हे झालं. म्हणून जिथे आपण दोघेच आहोत तिथे रकाना वाढवण्याच्या विनंतीला ‘१ जूनच्या आवृत्तीत’ हेच उत्तर द्यावं, आणि ते खरंही करावं.

यावर एक आक्षेप रास्त आहे. काही गोष्टी चूकही नसतात आणि नवं वैशिष्ट्यही नसतात. बाहेरचं जग बदलतं आणि सॉफ्टवेअरला त्याच आठवड्यात बदलावं लागतं. जुलै २०१० मध्ये रुपयाचं ₹ हे चिन्ह जाहीर झालं, त्याच वर्षी ऑक्टोबरात युनिकोडच्या ६.० आवृत्तीत त्याला जागा मिळाली. ज्यांच्याकडे जुनी फाँट होती त्यांनी ‘पुढच्या मोठ्या आवृत्तीची वाट पाहा’ हे का ऐकावं? २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. ऐन हंगामात, आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या प्रत्येकाला ते त्या दिवशी हवे होते. असे बदल जुन्या ब्रँचेवर न्यावेच लागतात. फक्त ते नेण्याची वेळ येऊ नये अशी मांडणी आधीपासून करता येते. दर, कोटे, परताव्याची सूत्रं ही कोडमध्ये कोरून न ठेवता वेगळ्या फाइलीत किंवा तक्त्यात ठेवावी, म्हणजे आवृत्ती न बदलता ती बदलता येतात. जगातल्या देशांच्या घड्याळांचे नियम असेच एका वेगळ्या संचात राहतात. एखाद्या देशाने वेळ बदलली की तो संच बदलतो, आणि स्थिर म्हणवणाऱ्या सगळ्या आवृत्त्या तो निर्धास्तपणे घेतात. ईआरपीनेक्स्टने याहून पुढचं पाऊल टाकलं. १४ व्या आवृत्तीपासून भारतातल्या जीएसटी वगैरेचा भाग मूळ सॉफ्टवेअरमधून काढून ‘इंडिया कंप्लायन्स’ या स्वतंत्र अ‍ॅपमध्ये नेण्यात आला. कायदा स्वतःच्या वेगाने बदलतो, मूळ सॉफ्टवेअर स्वतःच्या. दोघांना एका ब्रँचेत कोंबलं की एकाच्या घाईत दुसऱ्याची पडझड होते. तुमच्या सॉफ्टवेअरमधला कोणता भाग सरकारी परिपत्रकाबरोबर बदलतो ते ओळखा आणि तो पहिल्याच वर्षी वेगळा काढा. पुढे ते काम फार महाग पडतं.

दुरुस्ती कोणत्या दिशेने वाहावी, यावर दोन पंथ आहेत. गिट स्वतः ज्या प्रकल्पात लिहिलं जातं तिथे दुरुस्ती शक्य तितक्या जुन्या ठिकाणावरून सुरू करतात आणि वर नव्याकडे मर्ज करत नेतात. याचा फायदा असा की दुरुस्ती एकाच कमिटच्या रूपात सगळीकडे असते, आणि नव्या आवृत्तीत ती राहून जाण्याची शक्यता उरत नाही. पण त्यासाठी प्रत्येक हातभार लावणाऱ्याला कोणता धागा कुठून निघाला याचं भान लागतं. नवशिक्यांकडून पॅच घेणाऱ्या लहान प्रकल्पाने दुसरा पंथ धरावा: दुरुस्ती आधी मुख्य ब्रँचेवर, तिथे तपासून झाली की चेरी-पिक करून जुन्या ब्रँचेवर. चेरी-पिकच्या वेळी ‘एक्स’ हा पर्याय न विसरता द्यावा, म्हणजे मूळ कमिटचा क्रमांक संदेशात आपोआप नोंदला जातो आणि वर्षभराने ‘ही दुरुस्ती आली कुठून’ हे शोधत बसावं लागत नाही. फक्त जुन्या ब्रँचेवर दुरुस्ती करून ‘मुख्य ब्रँचेवर नंतर करू’ असं म्हणणं मात्र दोन्ही पंथांत वर्ज्य आहे. ते नंतर येत नाही. पुढच्या जूनला नवी आवृत्ती बसवलेल्या सोसायटीला गेल्या वर्षी दुरुस्त झालेली चूक पुन्हा भेटते. मूळ प्रकल्पापर्यंत न पोचलेल्या बदलाचं सर्वांत वाईट उदाहरण डेबियनचं आहे. २००६ मध्ये ओपनएसएसएलच्या आपल्या प्रतीत डेबियनने एक बदल केला, तो मूळ प्रकल्पाच्या कोडमध्ये कधीच गेला नाही, आणि त्यामुळे तयार होणाऱ्या गुप्त किल्ल्या ओळखता येतील इतक्या मोजक्या झाल्या. हे उघडकीस आलं मे २००८ मध्ये. दीड वर्षाहून अधिक काळ बनलेल्या किल्ल्या जगभर बदलाव्या लागल्या.

डेटाबेस असलेल्या सॉफ्टवेअरला एक जादा पथ्य आहे, आणि त्याबद्दल क्वचितच कुणी आधी सांगतं. तक्त्यांची मांडणी बदलणाऱ्या मायग्रेशन फाइलींना बहुधा क्रमांक असतात. जुन्या ब्रँचेवर तुम्ही ४१ क्रमांकाची फाइल घातली आणि मुख्य ब्रँचेवर ४१ क्रमांकाची दुसरीच आधीपासून असेल, तर जूनमध्ये नवी आवृत्ती बसवताना एक चालेल आणि दुसरी ‘झालेली आहे’ असं समजून वगळली जाईल. सॉफ्टवेअर उघडेल, वरकरणी चालेलही. आकडे मात्र भलतीकडे जातील. तेव्हा स्थिर ब्रँचेवर मायग्रेशन टाळावंच. अगदीच भाग पडलं, तर ते दोनदा चालवलं तरी बिघडणार नाही असं लिहावं, आणि जुन्या आवृत्तीवरून नवीवर जाण्याची चाचणी रोज आपोआप चालेल अशी सोय करावी. ही एक चाचणी बाकीच्या दहा चाचण्यांहून कामाची आहे, कारण सोसायटीतला माणूस वर्षातून एकदाच आवृत्ती बदलतो आणि नेमकं तेव्हाच त्याचा तुमच्यावरचा विश्वास पणाला लागतो.

‘सोळा महिने फार थोडे झाले, कोकणात लोक पाच-पाच वर्षं तेच चालवतात’ असं कुणी म्हणेल. चालवतात खरंच, आणि यात कोकणाचं विशेष काही नाही. पायथन २.७ ची आवृत्ती २०१० ची. ती २०१५ मध्ये बंद होणार होती. लोक हलले नाहीत म्हणून मुदत २०२० पर्यंत वाढवली. त्या पाच वर्षांत कित्येकांनी बदल पुढे ढकलला आणि शेवटच्या वर्षी धावपळ केली. मुदतवाढ मिळते हे एकदा कळलं की कुठलीच मुदत खरी वाटत नाही. लिनक्स कर्नलच्या दीर्घ मुदतीच्या ब्रँचांना सहा वर्षं आधार मिळत असे. सप्टेंबर २०२३ मध्ये तो दोन वर्षांवर आणायचं जाहीर झालं, कारण सांभाळणारे दमले होते आणि इतक्या जुन्या ब्रँचा वापरणारेही थोडे होते. ज्यांना खरोखर दहा वर्षं हवी आहेत, असे वीज आणि रेल्वेसारख्या क्षेत्रांत काम करणारे उद्योग ‘सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म’ नावाच्या उपक्रमातून त्या कामाचा खर्च उचलतात. हाच मार्ग लहान पातळीवरही खुला आहे. पाच वर्षं हवी असतील तर चार सोसायट्यांनी मिळून वर्षाची वर्गणी ठरवावी आणि कुणाला तरी ते काम नेमून द्यावं. कोड खुला असल्याने ते काम मूळ लेखकानेच करायला हवं असंही नाही. फुकट दिलेलं दीर्घ आश्वासन मात्र देऊ नये.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूने येतो: जुनं तेच सुरक्षित, नव्यात चुका असतात. याला पुरावाही दाखवला जातो. ओपनएसएसएलमधलं हार्टब्लीड हे भगदाड एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आलं तेव्हा ते मार्च २०१२ पासूनच्या १.०.१ मालिकेत होतं, ०.९.८ आणि १.०.० या जुन्या मालिका त्यातून सुटल्या होत्या. खरं आहे. पण त्या सुटल्या त्या वयामुळे नव्हे. ज्या वैशिष्ट्याबरोबर चूक आली ते त्या मालिकांवर कुणी नेलं नव्हतं, म्हणून सुटल्या. आणि त्यांच्यावर इतर दुरुस्त्या करणारं कुणीतरी होतं. हा दाखला स्थिर ब्रँचेवर नवं काही न घेण्याच्या बाजूने जातो, बेवारस जुन्या आवृत्तीच्या बाजूने नाही.

आता बंद करायचा दिवस. ३० सप्टेंबरला जुन्या ब्रँचेवरून शेवटची आवृत्ती काढावी आणि तिच्या नोंदीत ‘ही या मालिकेतली शेवटची’ असं स्पष्ट लिहावं. ब्रँचेवर नवे कमिट येणार नाहीत असं कुलूप लावावं, पण ती पुसू नये, टॅग तर नाहीच. जुना डेटा वाचायला कुणालातरी ती आवृत्ती पुन्हा बांधावी लागते. तिच्या नावाने उघडी असलेली तक्रार नव्या आवृत्तीत होते का ते पाहून नव्या मालिकेकडे वळवावी किंवा कारण लिहून मिटवावी. एका गोष्टीचा निर्णय मात्र शांतपणे आधीच घेऊन ठेवावा: बंद केलेल्या आवृत्तीत मोठं भगदाड सापडलं तर काय? डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जेच्या स्वयंसेवकांवर ही वेळ आली. ताज्या मालिकेवर एकामागून एक दुरुस्त आवृत्त्या काढत असतानाच त्यांना जावा ७ वापरणाऱ्यांसाठी २.१२.२ आणि जावा ६ वाल्यांसाठी २.३.१ अशा जुन्या रेघांवरच्या आवृत्त्याही द्याव्या लागल्या. त्या ऐन गर्दीत धोरण ठरवणं कुणालाही जड जातं. आपल्या सोसायटीच्या सॉफ्टवेअरसाठी रीडमी फाइलीत असं लिहून ठेवता येईल: पैसे किंवा सभासदांची माहिती बाहेर जाण्याजोगं भगदाड असेल, तर नुकत्याच बंद झालेल्या एका मालिकेसाठी फक्त पॅच दिला जाईल, बांधलेली आवृत्ती मिळणार नाही, आणि हेही बंद झाल्यापासून बारा महिनेच. त्याच्या खाली मालिकांचा छोटा तक्ता: नाव, निघाल्याची तारीख, बंद होण्याची तारीख. पुढच्या मालिकेची ओळ १५ मेला, ब्रँच काढण्याच्या कमिटमध्येच, तिच्या दोन्ही तारखांसह भरावी.